वाळवीने खाल्लेला राजा

'टेल्स टू अ‍ॅस्टॉनिश' या अमेरिकी कॉमिक्सच्या तेराव्या अंकावर नोव्हेंबर १९६० ही तारीख आहे. त्यातल्या एका गोष्टीत अंतराळातून एक अजस्र झाड पृथ्वीवर उतरते. ते स्वतःला 'प्लॅनेट एक्स'चा सम्राट म्हणवते, आसपासची झाडे आपल्या हुकमतीत घेते आणि एक अख्खे गाव उपटून प्रयोगासाठी आपल्या ग्रहावर नेणार असल्याचे जाहीर करते. गोळ्या चालत नाहीत, आगीने काही होत नाही. शेवटी गावातला एक जीवशास्त्रज्ञ, ज्याला त्याची बायकोच पुळचट समजत असते, वाळवी पैदा करून सम्राटावर सोडतो आणि सम्राट भुसभुशीत होऊन कोसळतो. जॅक कर्बीने चितारलेली ही गोष्ट त्या काळच्या ढीगभर राक्षसकथांपैकी एक. सम्राटाचे नाव ग्रूट. ऑगस्ट २०१४ मध्ये हाच ग्रूट 'गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सी' या चित्रपटातून पडद्यावर आला, तेव्हा त्याचे साम्राज्य गेले होते, लांबलचक भाषणे गेली होती, बोलायला 'आय अ‍ॅम ग्रूट' हे तीनच शब्द उरले होते. आणि लोक त्याच्यावर जीव टाकू लागले. या कायापालटाचा खुलासा सहसा असा केला जातो की गंभीर सुपरहिरोपटांना कंटाळलेल्या प्रेक्षकांना जुनाच माल विनोदाची फोडणी देऊन विकला गेला. मला हा खुलासा उफराटा वाटतो. अंतराळातल्या साहसकथेचा मूळ स्वभाव हलकाफुलकाच होता. गांभीर्य तिच्या अंगावर मागाहून चढले आणि ते तिला कधी नीट बसले नाही. २०१४ साली जे घडले ती घरवापसी होती.

घर कुठले, ते पाहायला १९०२ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी जॉर्ज मेलिएस या फ्रेंच गृहस्थाने चंद्रावरच्या सफरीचा सुमारे चौदा मिनिटांचा मूकपट काढला. मेलिएस व्यवसायाने जादूगार. पॅरिसमध्ये त्याचे स्वतःचे जादूच्या खेळांचे थिएटर होते आणि कॅमेरा हे त्याच्या दृष्टीने पोतडीतले आणखी एक साधन होते. त्याच्या चित्रपटातले खगोलशास्त्रज्ञ चेटक्यांसारख्या उंच टोप्या घालून भांडतात. त्यांचे यान म्हणजे तोफेचा गोळा. तो तोफेत ढकलायला नर्तकींची रांग येते, आणि तो गोळा थेट चंद्राच्या डोळ्यात जाऊन रुततो. चंद्रावर रोवलेल्या छत्रीचे कुत्र्याच्या छत्रीत, म्हणजे भूछत्रात, रूपांतर होते. तिथल्या रहिवाशांना छत्रीचा फटका मारला की ते धुराचा लोट होऊन नाहीसे होतात; या भूमिका कसरतपटूंनी केल्या होत्या. परतीचा प्रवास तर सर्वांत सोपा: यान चंद्राच्या कडेवरून खाली ढकलून द्यायचे. माणूस चंद्रावर जाण्याच्या सदुसष्ट वर्षे आधी सिनेमाने अंतराळाकडे पहिल्यांदा नीट पाहिले ते असे, खिदळत. त्या काळी लोकांना विज्ञान कळत नव्हते म्हणून हे असे झाले, असे कोणी म्हणेल. पण मेलिएसच्या आधी जवळजवळ चार दशके ज्यूल व्हर्नने चंद्रप्रवासाची कादंबरी बरीच आकडेमोड करून लिहिली होती आणि मेलिएसला ती ठाऊक होती. त्याने आकडेमोड टाकली आणि तोफ ठेवली. ती निवड जादूगाराची होती. प्रेक्षकाला फसवायचे असेल तर आधी त्याच्याकडे बघून डोळा मिचकावावा लागतो, हे त्याला धंद्यातून माहीत होते.

यापुढचा टप्पा अमेरिकेतला, आणि तिथे माझ्या म्हणण्याविरुद्धचा पहिला पुरावा उभा राहतो. १९१२ साली एडगर राइस बरोजची मंगळावरच्या जॉन कार्टरची कथा मासिकातून क्रमशः आली. ७ जानेवारी १९२९ रोजी बक रॉजर्सची चित्रपट्टी वर्तमानपत्रांत सुरू झाली, आणि तिला टक्कर द्यायला बरोबर पाच वर्षांनी, ७ जानेवारी १९३४ रोजी, अ‍ॅलेक्स रेमंडचा फ्लॅश गॉर्डन अवतरला. १९३६ मध्ये युनिव्हर्सल कंपनीने त्याच्यावर तेरा भागांचा मालिकापट काढला. दर आठवड्याला एक भाग, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी नायक मरणाच्या दारात. नायक होता बस्टर क्रॅब, १९३२च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळवलेला. नेपथ्य बरेचसे कंपनीच्या जुन्या भयपटांतले उचललेले. याने तारांवरून झुलायची आणि त्यांच्या शेपटातून निघणारा धूर निर्वात पोकळीतही शहाण्यासारखा वर वर जायचा. आता, या मालिकापटांत कोणी विनोद करत नाही. दुष्ट सम्राट मिंग मनापासून दुष्ट आहे आणि फ्लॅश मनापासून शूर. मग याला हलकेफुलके कसे म्हणायचे? इथे हलकेपणा आणि विनोद यांत फरक करायला हवा. विनोद हा हलकेपणाचा एक प्रकार झाला. हलकेपणा म्हणजे गोष्टीने श्रोत्याकडून भक्तिभावाची मागणी न करणे. मालिकापट शनिवारी सकाळी थिएटरात कल्ला करणाऱ्या पोरांसाठी होते. पोरे मिंगवर ओरडत, फ्लॅश कड्यावरून पडला की पुढच्या शनिवारी तो कसा वाचेल याच्या पैजा लावत. गोष्टीला याची कल्पना होती आणि तिची त्याला हरकत नव्हती. हसण्याचे काम प्रेक्षकांकडे सोपवलेले होते, एवढेच. हाच फ्लॅश गॉर्डन पुढे टाइम्स ऑफ इंडियाच्या मुंबईहून निघणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ आणि मँड्रेकच्या सोबतीने मराठीतही आला, तेव्हा तो अभ्यासाच्या पुस्तकात लपवूनच वाचायचा असतो हे कोणाला सांगावे लागले नाही.

सुपरहिरो नावाचा प्राणी या परंपरेत थोडा उशिरा शिरला. १९३८चा सुपरमॅन क्रिप्टॉन ग्रहावरून आलेला खरा, पण त्याची कर्मभूमी पृथ्वीवरचे शहर. १९५९ मध्ये ग्रीन लँटर्नला नवा अवतार देऊन अंतराळातल्या पोलीस दलात भरती करण्यात आले. हे घडवणारा संपादक ज्यूलियस श्वार्ट्झ पूर्वी विज्ञानकथालेखकांचा एजंट होता, हा योगायोग नव्हे. १९६१ मध्ये फँटास्टिक फोरच्या चौघांना शक्ती मिळाली ती अवकाशातल्या किरणांमुळे. इथून एक अडचण सुरू होते आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तीच आहे. शहरात वावरणाऱ्या सुपरहिरोच्या गोष्टीत एकच गोष्ट अशक्य असते: तो स्वतः. बाकी रस्ते, टॅक्सी, वर्तमानपत्राची कचेरी, घरभाडे सगळे ओळखीचे असते, आणि या ओळखीच्या पार्श्वभूमीवर त्याचे उडणे खपून जाते. त्यालाच अंतराळात नेले की पार्श्वभूमीही अशक्य होते. ग्रह खोटा, माणसे हिरवी, शस्त्रे नावे घेता न येण्याजोगी, आणि त्यांच्या मधोमध अंगाला घट्ट बसणारा पोशाख घातलेला एक सद्गृहस्थ. प्रेक्षकाला पाय टेकवायला जमीनच उरत नाही. ती जमीन कुठून तरी आणावी लागते. खाण्यावरून भांडण, पैशांवरून कुरबुर, कोणाला तरी टोपणनावावरून आलेला राग, अशा क्षुद्र आणि म्हणूनच खऱ्या गोष्टी ती जमीन पुरवतात. तमाशातला सोंगाड्या वगातल्या राजाच्या दरबारात उभा राहून गावच्या सावकाराबद्दल बोलतो. त्याने राजाचा दरबार मोडत नाही, उलट पडद्याशिवाय उभा केलेला तो दरबार लोकांना तेवढ्यापुरता पटतो.

मग गांभीर्य आले कुठून? दोन बाजूंनी. एक म्हणजे १९६८चा स्टॅन्ले क्युब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी'. त्याने अंतराळाला मंदिरासारखी शांतता दिली, आणि तो चित्रपट थोर आहे याबद्दल माझा वाद नाही. त्यात सुपरहिरो नव्हता, हे मात्र त्याचे अनुकरण करणारे पुढे विसरले. दुसरी बाजू होती लाजेची. १९६६च्या 'बॅटमॅन' या दूरचित्रवाणी मालिकेने सुपरहिरोची यथेच्छ टिंगल केली. ठोशागणिक पडद्यावर रंगीत अक्षरे उमटत. कॉमिक्सवर जीव असणाऱ्यांना ती टिंगल जिव्हारी लागली आणि आपला आवडता प्रकार पोरकट नाही हे सिद्ध करण्यात पुढची पिढी गुंतली. १९८६ साली फ्रँक मिलरच्या काळवंडलेल्या बॅटमॅनने आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या 'वॉचमेन'ने ते सिद्धही केले. २००८च्या 'द डार्क नाइट' या चित्रपटानंतर स्टुडिओंनी गांभीर्याला नियमच मानले. पण हे सगळे यश शहरातल्या अंधाऱ्या गल्ल्यांतले होते, जिथे जमीन आयती मिळते. तीच गंभीर मुद्रा घेऊन २०११चा 'ग्रीन लँटर्न' अंतराळात गेला. त्यात विनोद नव्हते असे नाही, पण ते पृथ्वीवर राहिले. दूरच्या ग्रहावर पोचल्यावर इच्छाशक्ती आणि भय या विषयांवर प्रवचने सुरू झाली. खर्च सुमारे २० कोटी डॉलर आणि जगभरचा गल्ला २२ कोटींच्या आसपास. थिएटरवाल्यांचा वाटा काढला तर हा सरळ तोटा. पुढच्याच वर्षी डिस्नेने बरोजच्या जॉन कार्टरवर, म्हणजे या घराण्याच्या मूळपुरुषावरच, चित्रपट काढला आणि त्यात सुमारे २० कोटी डॉलर बुडणार असल्याचे कंपनीने स्वतःच जाहीर केले.

मधल्या काळात हलकेपणाची वात विझली नव्हती. जॉर्ज लुकासला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फ्लॅश गॉर्डनच करायचा होता. हक्क मिळाले नाहीत म्हणून त्याने स्वतःची गोष्ट रचली. १९७७च्या 'स्टार वॉर्स'च्या आरंभी वर सरकत जाणारी पिवळी अक्षरे थेट त्या जुन्या मालिकापटांच्या 'मागील भागात' वरून घेतलेली आहेत. त्यातल्या अध्यात्माची चर्चा फार होते, पण ते अध्यात्म प्रेक्षकाच्या गळी उतरते ते हॅन सोलोमुळे. कर्जबाजारी, खटारा यान चालवणारा हा तस्कर त्या दैवी शक्तीला तोंडावर हसतो, त्यामुळे आपल्याला हसावे लागत नाही. पुढच्याच वर्षी डग्लस अ‍ॅडम्सने बीबीसी रेडिओवरून पृथ्वी एका हमरस्त्याच्या कामात पाडून टाकली. आणि १९८० मध्ये खुद्द 'फ्लॅश गॉर्डन' नव्याने आला, क्वीन या बँडच्या संगीतासह. त्याची पटकथा ज्याने लिहिली त्या लॉरेन्झो सेम्पलनेच 'बॅटमॅन' मालिकाही उभी केली होती, आणि तो वारसा लपत नाही. हा चित्रपट मजेदार आहे, पण त्यातले हसू बाहेरून येते: बघा, हे सगळे किती वेडगळ आहे! एकदा असे म्हटले की नायक मेला काय नि जगला काय. अमेरिकेत तो फारसा चालला नाही. हलकेपणा तारतो हे माझे म्हणणे इथे अपुरे पडते, हे मान्य करायला हवे. हसू कोणाच्या तोंडी आहे यावर बरेच अवलंबून असते.

ते पात्रांच्याच तोंडी घालणारा माणूस कॉमिक्सच्या कारखान्यात बसला होता. 'गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सी' हे नाव पहिल्यांदा १९६९ सालचे; तेव्हा ते परग्रहींच्या गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या एकतिसाव्या शतकातल्या वीरांचे होते, आणि त्या पथकात हसण्यासारखे काही नव्हते. पण १९७६ मध्ये बिल मँटलो आणि कीथ गिफेन यांनी एका पूरककथेत एक बोलणारा रकून आणला. त्याचे नाव बीटल्सच्या एका गाण्याच्या नावावरून सुचलेले. १९८२च्या 'हल्क'च्या अंकात तो पुन्हा आला आणि १९८५ मध्ये मँटलोने त्याला चार अंकांची स्वतंत्र मालिका दिली. ती वाचताना आधी हसू येते: रॉकेट नावाचा रकून, लायला नावाची पाणमांजरी, खुनशी ससे. मग लक्षात येते की या ग्रहावर मनोरुग्णांना आणून सोडलेले आहे आणि त्यांच्या सेवेसाठी या जनावरांना शहाणे केलेले आहे. गंमत आणि यातना एकाच अंगात. २००८ मध्ये डॅन अ‍ॅबनेट आणि अँडी लॅनिंग यांनी अशी निरनिराळ्या कपाटांत धूळ खात पडलेली पात्रे एकत्र करून नवे पथक बांधले. मार्व्हलने नवोदित लेखकांपुढे आपली अनोळखी पात्रे ठेवली, तेव्हा निकोल पर्लमनने त्यांतून हेच पथक उचलले. आणि चित्रपट गेला जेम्स गनकडे, जो ट्रोमा या स्वस्तातले आचरट भयपट काढणाऱ्या कंपनीत शिकून तयार झाला होता. जादूगार, शनिवारचे मालिकापट, आचरट भयपट: या घराण्यात सभ्य घरातून कोणी येतच नाही, असे दिसते.

चित्रपटाची सुरुवात १९८८ सालच्या रुग्णालयात होते. आई मरते आहे, मुलगा तिचा हात धरत नाही, पळतो, आणि परग्रहावरचे लुटारू त्याला उचलून नेतात. पुढचेच दृश्य सव्वीस वर्षांनंतरचे: एका उजाड ग्रहावर तोच मुलगा, आता चोर झालेला, कानाला वॉकमन लावून नाचतो आहे आणि पायात येणाऱ्या सरड्यासारख्या प्राण्यांना लाथा मारतो आहे, त्यांतल्या एकाला माइक करतो आहे. हा वॉकमन सोनीने १९७९ मध्ये काढलेले पहिले मॉडेल, आणि आतली कॅसेट आईने भरून दिलेली. चित्रपटातली सर्वांत हास्यास्पद वस्तू हीच सर्वांत दुःखाची वस्तू आहे, आणि पटकथा हे एकदाही समजावून सांगत नाही. तुरुंगातून पळताना तो ती परत आणायला जीव धोक्यात घालतो, तेव्हा थिएटर हसते आणि हसता हसता गप्प होते. रॉकेट दारू पिऊन भांडतो आणि त्या भांडणात बोलून जातो की मला कोणी तरी पुन्हा पुन्हा फाडून शिवले आहे. पथकातल्या ड्रॅक्सला अलंकारिक भाषा कळत नाही, हा चित्रपटभर चालणारा विनोद आहे. शेवटी शब्दांनी काहीच होणार नाही अशा वेळी तोच मुकाट्याने रॉकेटच्या डोक्यावरून हात फिरवतो. आणि ग्रूट आपल्या फांद्यांचे घरटे करून सगळ्यांना त्यात घेतो, तेव्हा त्याच्या तीन शब्दांत फरक पडतो: 'मी'चे अनेकवचन होते. इंग्रजीत त्याला एकच शब्द आहे. मराठीत करणाऱ्याला 'आम्ही' की 'आपण' हे ठरवावे लागेल, आणि 'आपण'शिवाय गत्यंतर नाही. समोर उभा असलेला खलनायक रोनन हा १९६७च्या कॉमिक्समधून आलेला, पल्लेदार शापवाणी बोलणारा, जुन्या गंभीर घराण्याचा पुरुष. नायक त्याच्यापुढे गाणे म्हणत नाचू लागतो आणि रोननला काय करावे कळत नाही. दोन परंपरांचा सामना इतक्या उघडपणे क्वचितच दाखवला गेला असेल.

यावर व्यवहारी आक्षेप असा की कुठलाही हलकेपणा सांगू नका, मार्व्हलचा शिक्का होता म्हणून चित्रपट चालला. त्यात तथ्य आहे. हा मार्व्हलच्या चित्रपटमालिकेतला दहावा चित्रपट, आणि आधीच्या नऊंनी थिएटर भरायची सवय लावली होती. पण शिक्क्याने पहिल्या आठवड्याची गर्दी होते. जगभरचा सुमारे ७७ कोटी डॉलरचा गल्ला, तोही कॉमिक्सच्या वाचकांबाहेर कोणी नावे न ऐकलेल्या पात्रांवर, एवढ्याने होत नाही. ग्रीन लँटर्नचे नाव त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांना माहीत होते. दुसरा आक्षेप गतकाळच्या ओढीचा, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या गाण्यांनी प्रेक्षकाला भुलवल्याचा. गाण्यांचा संग्रह बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला हे खरे, आणि केवळ आधी प्रसिद्ध झालेल्या गाण्यांच्या चित्रपटसंग्रहाला तो मान प्रथमच मिळाला. पण ही गाणी नागपूर-कोल्हापूरच्या प्रेक्षकाच्या लहानपणीची नव्हेत. त्याला त्यांतून हरवलेला काळ दिसत नाही. एका मुलाने जपलेली आईची वस्तू दिसते, आणि तेवढी पुरते.

सर्वांत वजनदार आक्षेप तिसरा: या यशाने सगळ्यांना विनोदाची चटक लावली आणि भावना मारून टाकली. २०१७च्या 'थॉर: रॅग्नारॉक'मध्ये ताइका वैतितीने दोन चित्रपट अवघडून वावरलेल्या थॉरचा हातोडा मोडला, केस कापले आणि त्याला मोकळे केले. २०२२च्या 'थॉर: लव्ह अँड थंडर'मध्ये त्याच दिग्दर्शकाने कर्करोगाने मरणाऱ्या नायिकेच्या कथेत किंचाळणारे बोकड घातले, आणि ते बोकडच लक्षात राहिले. आक्षेप मला मान्य आहे; फक्त तो हलकेपणावर नाही, त्याच्या नकलेवर आहे. तिथला विनोद पात्राच्या जखमेतून येत नाही, जखमेवरून नजर हटवायला येतो. अशक्य जगात जमीन पुरवणे हे विनोदाचे काम होते. तोच जेव्हा जमीन ओढून घेतो तेव्हा उरते १९८०च्या 'फ्लॅश गॉर्डन'चीच महागडी आवृत्ती. गनने २०२३ मध्ये तिसरा भाग केला तो मँटलोची लायला घेऊन, रॉकेटच्या शरीरावरच्या प्रयोगांची गोष्ट सांगत. त्यात विनोद भरपूर आहेत, तरी लहान मुलांना दाखवताना पालकांनी विचार करावा इतका तो चित्रपट क्रूर आहे.

१९५५च्या मार्च महिन्यात सुपरमॅनच्या कॉमिक्समध्ये क्रिप्टो नावाचा एक पांढरा कुत्रा आला होता. गळ्यात लाल केप, उडता येणारा, क्रिप्टॉनवरूनच आलेला. १९७८ पासून सुपरमॅनवर निघालेल्या, जिवंत नटांच्या एकाही मोठ्या चित्रपटाने पुढे कित्येक वर्षे क्रिप्टो दाखवला नाही. केप घातलेल्या कुत्र्याची सगळ्यांना लाज वाटत असावी. २०२५ साली गनने 'सुपरमॅन' काढला. त्याच्या पहिल्याच दृश्यात हाडे मोडलेला सुपरमॅन बर्फात पडून शीळ घालतो, आणि त्याला फरफटत घरी नेतो तो हा कुत्रा.